चुका, पण वेळेवर चुका: गॅजेटच्या भविष्यवेत्त्यांसाठी प्राथमिक पाठ

डिसेंबर सरत आला की टेक-पत्रकारांना एकच उमाळा येतो: जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात काय काय येणार, ते आजच सांगून टाकायचं. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन आता लाखाहून जास्त माणसं खेचतं. तिथे कुठला लॅपटॉप, कुठला टीव्ही, कुठली चिप आली हे दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांना कळणारच असतं, तेही फुकट आणि अचूक. पण अचूक माहितीसाठी दोन-तीन आठवडे थांबण्यापेक्षा चुकीची माहिती आजच मिळालेली लोकांना परवडते. तुमचा धंदा या एका सत्यावर उभा राहणार आहे.

या धंद्याला भांडवल लागत नाही, पदवी लागत नाही आणि अमेरिकेचा व्हिसा तर अजिबात लागत नाही. डोंबिवलीच्या गॅलरीत बसूनही तो छान चालतो. रस्त्यावरच्या ज्योतिषाला निदान पोपट पाळावा लागतो. तुम्हाला तोही खर्च नाही. खालच्या दहा पायऱ्या क्रमाने चढा. घाई करू नका. घाई फक्त भाकितात करायची असते.

१. मुहूर्त काढा

भाकीत फार आधी केलं तर लोक विसरतात, फार उशिरा केलं तर कंपनीच आधी बोलून मोकळी होते. उत्तम काळ म्हणजे नाताळ ते एकतीस डिसेंबर. या आठवड्यात अमेरिकेतली ऑफिसं ओस पडलेली असतात, कंपनीची बाजू मांडणारे सुटीवर असतात आणि वाचकाला मोबाइल चाळण्यापलीकडे काम नसतं. कुणी खुलासा करेल ही भीती मनातून काढून टाका. ‘अफवांवर आम्ही भाष्य करत नाही’ हे बड्या कंपन्यांचं धोरण आहे आणि तुमची पेन्शन.

जानेवारी हुकला तरी हळहळू नका. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बार्सिलोनात मोबाइल वर्ल्ड काँग्रेस भरते, मे-जूनच्या सुमारास तैपेईत कॉम्प्युटेक्स आणि सप्टेंबरात बर्लिनमध्ये इफा. इफाची सुरुवात १९२४ सालची, म्हणजे पुढच्या वर्षीचा रेडिओ कसा असेल यावर माणसं तेव्हापासून पैजा लावत असणार. तुम्ही उशिरा आलात, पण पंगत अजून उठलेली नाही.

२. जे होणारच आहे, ते सांगा

नवशिक्याने सुरुवात नेहमी अटळ गोष्टींपासून करावी. नवा लॅपटॉप जुन्यापेक्षा पातळ असेल. नवा टीव्ही जास्त उजळ असेल. चिपच्या नावातला आकडा वाढेल. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग व्यासपीठावर आले तर अंगात चामड्याचं जाकीट असेल. (२०२५ मध्ये ते मगरीच्या कातडीसारखं चकाकत होतं, तेव्हा पोताबद्दल शब्द देऊ नका.)

फ्रिज तर हमखास घ्या. एलजीने इंटरनेटचा फ्रिज २००० साली आणला. सॅमसंगने दारावर भलामोठा पडदा बसवलेला फ्रिज २०१६ च्या सीईएसमध्ये दाखवला. आत काय शिल्लक आहे ते फ्रिजच सांगेल, हे वचन पाव शतक ताजं राहिलेलं आहे. दार उघडून बघण्याची जुनी पद्धत मात्र अजून बाजारात टिकून आहे.

यानंतर घरातल्या कुठल्याही वस्तूच्या नावाआधी ‘एआय’ लावा. लोक हसतील म्हणून मागे सरू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेचा दात घासायचा ब्रश २०१७ च्या सीईएसमध्ये येऊन गेलेला आहे. उशी, आरसा, कुत्र्याचा पट्टा, काहीही चालेल. तुमची कल्पना हास्यास्पद असली तरी कुठल्या ना कुठल्या स्टॉलवर ती मांडलेली सापडेल आणि तुम्ही द्रष्टे ठराल.

३. सूत्रं जोपासा

‘कंपनीच्या योजनांशी परिचित असलेली व्यक्ती’ हे सगळ्यात भारदस्त सूत्र. त्याखालोखाल ‘तैवानमधली पुरवठा साखळी’, कारण तिथे जाऊन विचारणार कोण?

सूत्र मिळत नसेल तर खचू नका. दुजोरा घरच्या घरीही तयार करता येतो. कृती अशी: सोमवारी तुम्ही लिहा. मंगळवारी दुसरा कुणीतरी तुमचा हवाला देऊन लिहितो. बुधवारी तिसरा त्या दुसऱ्याचा हवाला देतो आणि तुमचं नाव गळून पडतं. गुरुवारी तुम्ही तिसऱ्याचा हवाला देऊन लिहा, ‘आमच्या वृत्ताला आता अन्यत्रही दुजोरा मिळत आहे.’ शुक्रवारी शेअर बाजाराचा एखादा विश्लेषक ते आपल्या टिपणात घालतो. शनिवारी तुमच्या हातात ‘विश्लेषकांचा अंदाज’ असतो. रविवारी विश्रांती घ्या, तुम्ही खूप काम केलंत.

या पायरीवर हात किती लांब पोचतो ते पाहून घाबरू नका. १६ मे २००७ ला ॲपलच्या कर्मचाऱ्यांना एक इ-मेल गेली: आयफोन जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये येणार. एनगॅजेट या संकेतस्थळाने ती छापली आणि ॲपलचं बाजारमूल्य काही मिनिटांत सुमारे ४ अब्ज डॉलरने घसरलं. इ-मेल बनावट होती. शेअर सावरला, आयफोन २९ जूनला ठरल्याप्रमाणे आला. मधल्या मिनिटांत ज्यांनी शेअर विकले, त्यांच्याबद्दल आपल्याला मनापासून वाईट वाटतं. चला, पुढची पायरी.

४. फोटो काढा, पण नीट काढू नका

फुटलेल्या फोटोचं शास्त्र वेगळं आहे. लाकडी नक्षीच्या सनमायकाचं टेबल घ्या. वर ट्यूबलाइट असू द्या, म्हणजे तिची पांढरी पट्टी नेमकी पडद्यावर उतरेल. वस्तू हातात अशी धरा की जिथे कंपनीचं बोधचिन्ह असायला हवं तिथे अंगठा येईल. नख जरा वाढलेलं असलं तर उत्तम. कारखान्यातल्या कामगाराचा हात वाटतो. बटण दाबताना हात हलवा. स्पष्ट फोटो कंपनीच्या जाहिरातीसारखा दिसतो, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अस्पष्ट फोटो मात्र कुणीतरी जिवावर उदार होऊन काढला असणार!

फोटो जमत नसेल तर केसवर भागवा. पाठीमागच्या केसचे साचे आधी बनतात, आणि त्यावरून फोनचा आकार ताडता येतो, असं तज्ज्ञ सांगतात. २०११ मध्ये काही केसवाल्यांनी कडेला निमुळत्या होत जाणाऱ्या ‘आयफोन ५’ साठी साचे पाडले, माल तयार केला. ४ ऑक्टोबरला ॲपलने काढला आयफोन ४एस, आणि तोही जुन्याच ४ च्या अंगात. त्या केस कुणाच्या फोनला बसल्या नाहीत. भाकीतवाल्यांचं मात्र काहीच अडलं नाही, त्यांच्या गोदामात माल नव्हता.

५. सरकारी कागद चाळा

ही पायरी फक्त कष्टाळूंसाठी. रेडिओ लहरी सोडणारं कुठलंही उपकरण अमेरिकेत विकायचं तर एफसीसी या सरकारी आयोगाची मान्यता लागते. आपल्याकडे मोबाइल आणि लॅपटॉपला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. तिथल्या यादीत काय सापडतं? उत्पादकाचं नाव, वस्तूचा प्रकार आणि इंग्रजी अक्षरं-आकड्यांची सरमिसळ असलेला एक मॉडेल क्रमांक. बस्स.

एवढ्यावर आठशे शब्द लिहायला शिका. पहिला परिच्छेद: भारतात लवकरच. दुसरा: क्रमांकाच्या शेवटी असलेल्या अक्षराचा अर्थ काय असू शकतो. तिसरा: मागच्या मॉडेलची संपूर्ण माहिती. चौथा: ‘अधिक तपशील लवकरच.’

पेटंटही सोडू नका. अमेरिकेत अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी जाहीर होतो आणि मोठ्या कंपन्या वर्षाला हजारोंनी अर्ज करतात. त्यातलं बहुतेक काही कधीच बनत नाही, ही माहिती तुमच्या वाचकाला निष्कारण उदास करेल. ‘पेटंट दिसलं म्हणजे वस्तू आली’ असं धरून चाला.

शेवटी अमेरिकेतल्या डॉलरच्या किमतीला आजच्या दराने गुणा आणि उत्तर भारतातली किंमत म्हणून छापा. तिकडची जाहीर किंमत विक्रीकर सोडून असते, इकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी बसलेला असतो आणि आयातशुल्काचा हिशेब आणखी निराळा, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी गप्प बसा. वाचकाला चार दिवस स्वस्ताईचे मिळू द्या.

६. किंमत फुगवून सांगा

इथे उलट वाटेल, पण पटवून घ्या. २०१० च्या जानेवारीत ॲपलची पाटी येणार, तिचं नाव ‘आयस्लेट’ असणार आणि किंमत हजार डॉलरच्या घरात जाणार, असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. त्या धास्तीने सीईएसमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर एचपीची पाटी हातात घेऊन उभे राहिले. २७ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्यक्षात आलं ते आयपॅड, किंमत ४९९ डॉलरपासून.

नाव चुकलं, किंमत निम्म्याने चुकली, आणि तरी सगळे खूष! वाचकाला वाटलं, पाचशे डॉलर वाचले. कंपनीला घोषणेच्या वेळी टाळ्या मिळाल्या. खर्च न केलेल्या पैशाचा आनंद ही तुमची खरी निर्मिती आहे. याचं मानधन मात्र कुणी देत नाही, मन घट्ट करा.

७. वाक्याला मागचं दार ठेवा

‘येणार’ हा शब्द हौशी माणसाचा. मुरलेला माणूस ‘येण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहितो. कशाचीच शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे हे वाक्य आजवर एकदाही खोटं ठरलेलं नाही. त्याच्या जोडीला ‘सर्व काही सुरळीत पार पडल्यास’, ‘किमान निवडक बाजारपेठांत’ आणि ‘या वर्षी किंवा त्यानंतर’ हे तीन टेकू ठेवा.

वस्तूचं नाव सांगितलंत तर मालकाचं सांगू नका. डिसेंबर २००६ मध्ये एका नावाजलेल्या गॅजेट-संकेतस्थळाने सोमवारी आयफोन जाहीर होणार, असं हमी देऊन सांगितलं. १८ डिसेंबरला, सोमवारीच, आयफोन जाहीर झाला. तो सिस्कोच्या लिंक्सिस विभागाचा, इंटरनेटवरून बोलायचा फोन होता. भाकीत अक्षरशः खरं ठरलं. ॲपलचा आयफोन ९ जानेवारीला आला आणि दुसऱ्याच दिवशी सिस्कोने नावावरून दावा ठोकला. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर होतात, हे कसं सांगायचं ते आता तुम्हाला जमायला हवं.

८. आलं नाही तर पुढे ढकला

पॉवरबुक जी५ हे या शाखेचं आराध्य दैवत. २००३ मध्ये ॲपलचा जी५ चिपचा टेबलावरचा संगणक आला, तेव्हापासून त्याच चिपचा लॅपटॉप ‘येत्या मंगळवारी’ येत होता. चिप इतकी तापायची की लॅपटॉपच्या पातळ अंगात ती मावणं मुश्कील होतं. मंगळवार येत राहिले. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने इंटेलची चिप घेत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००६ च्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात मॅकबुक प्रो आला. तरी काहींनी मंगळवारची वाट बघणं सोडलं नाही.

ॲपलच्या टीव्हीसंचाचं तसंच. जीन मन्स्टर या विश्लेषकाने जवळजवळ सहा वर्षं तो येणार म्हणून सांगितलं आणि २०१५ च्या मे महिन्यात हात टेकले. एवढ्याने त्यांची कारकीर्द थांबली नाही, हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

मनाला टोचणी लागली तर आठवा: स्वतःच्याच वस्तूंचं भविष्य कंपन्यांना तरी कुठे सांगता येतं? वायरविना चार्ज करणारी एअरपॉवर चटई ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये दाखवली आणि मार्च २०१९ मध्ये रद्द केली. सॅमसंगचा बॅली हा पिवळा गोल रोबो २०२० च्या सीईएसमध्ये घरंगळत आला, २०२४ मध्ये पोटात प्रोजेक्टर घेऊन आला आणि २०२५ मध्ये पुन्हा आला. एनव्हिडियाने तर जाहीर केलेलं एक ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये मागे घेतलं आणि सीईएस २०२३ मध्ये नवं नाव देऊन पुन्हा आणलं. ज्यांच्या कारखान्यात वस्तू बनते त्यांची ही गत, तर गॅलरीत बसलेल्या माणसाने किती मनाला लावून घ्यायचं?

९. नातेवाइकांना ‘थांबा’ म्हणा

तुमची कीर्ती झाली की आत्याचा फोन येईल. “अरे, तुझं वाचलं. नातीला लॅपटॉप घ्यायचाय, आत्ता घेऊ का जानेवारीत?” तुम्ही म्हणा, “थांब आत्या, नवीन येतोय.” जानेवारीत म्हणा, “जाहीर झालाय गं, पण दुकानात यायला मार्च उजाडेल.” मार्चमध्ये म्हणा, “आता घेऊ नकोस, तैपेईचं प्रदर्शन तोंडावर आलंय.” जूनमध्ये किंमत उतरण्याची वाट बघायला सांगा. दिवाळीला सवलतींचा हवाला द्या. डिसेंबर आला की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करा.

‘थांबा’ या सल्ल्याची ताकद कमी समजू नका. ऑस्बोर्न १ हा हातात धरून न्यायचा, साधारण ११ किलोचा संगणक एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्युटर मेळ्यात आला, १,७९५ डॉलरला, आणि धडाक्यात खपला. १९८३ मध्ये कंपनीने पुढच्या यंत्राबद्दल बोलायला सुरुवात केली, गिऱ्हाईक थांबलं आणि सप्टेंबरात दिवाळखोरी आली. कारणं आणखीही होती, असं अभ्यासक म्हणतात. पण पुढच्या मॉडेलच्या नुसत्या बोलण्याने चालू मॉडेलची विक्री मरते, याला आजही ऑस्बोर्नचंच नाव आहे. जे काम कंपनीने एकदा स्वतःचा जीव देऊन केलं, ते तुम्ही दरवर्षी फुकट करता.

आत्याने मध्येच सॅन होजेहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागच्या वर्षीचं मॉडेल मागवलं आणि नात ते मजेत वापरते आहे, असं कानावर आलं तर दुर्लक्ष करा. अशी माणसं धंद्याला मारक असतात.

प्रदर्शन सुरू झालं की आठवडाभर मौन पाळा. तुमच्या तीस भाकितांतलं एखादं खरं ठरेलच, तेवढंच वर काढा आणि उरलेल्यांना हात लावू नका. हल्ली कुणी जमा-खर्च मांडत बसत नाही. आणि खरी बातमी कुठून येईल याची चिंता तर करूच नका. १० जानेवारी २०१८ ला भर सीईएसमध्ये कन्व्हेन्शन सेंटरच्या मोठ्या दालनाची वीज गेली. पावसाच्या ओलाव्याने ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि जगातले सगळ्यात उजळ टीव्ही सुमारे दोन तास काळे पडून राहिले. त्या वर्षीचं हे सगळ्यात गाजलेलं दृश्य कुणाच्याही यादीत नव्हतं. भारनियमनात वाढलेल्या माणसालाही ते सुचू नये, याचं मात्र वाईट वाटतं.

१०. बरोबर ठरू नका

आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल की चुकण्याने या धंद्यात कुणाचं काही बिघडत नाही. धोका दुसरीकडे आहे, आणि शिकवणीच्या शेवटी तो सांगणं माझं कर्तव्य आहे.

थिंक सीक्रेट नावाचं संकेतस्थळ एका मुलाने तेराव्या वर्षी सुरू केलं होतं. २००४ च्या डिसेंबरअखेर त्याने लिहिलं की ॲपल पडद्याविना मिळणारा ४९९ डॉलरचा मॅक आणणार आहे. नाताळानंतरचा मुहूर्त अचूक, पण किंमत फुगवलेली नव्हती, आणि बातमी खरी होती. ४ जानेवारी २००५ ला ॲपलने त्याच्यावर दावा लावला. ११ जानेवारीला मॅकवर्ल्डमध्ये मॅक मिनी आला, किंमत ४९९ डॉलर. तेव्हा हा भविष्यवेत्ता हार्वर्डमध्ये शिकत होता. डिसेंबर २००७ मध्ये तडजोड झाली: त्याने सूत्रांची नावं सांगितली नाहीत आणि संकेतस्थळ बंद केलं.

२०१० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बिअर बारमध्ये विसरलेला खराखुरा नवा आयफोन गिझमोडो या संकेतस्थळाने ५,००० डॉलरला विकत घेतला आणि त्याचे स्वच्छ, स्पष्ट फोटो छापले. काही दिवसांत पोलिस वॉरंट घेऊन संपादकाच्या घरी आले आणि त्याचे संगणक उचलून घेऊन गेले. फोटोत अंगठा आला असता तर एवढं झालं नसतं.

तेव्हा एखाद्या रात्री खात्रीची खबर तुमच्याकडे चालत आली, मॉडेल, किंमत, तारीख, सगळं सही-शिक्क्यानिशी, तर मोहात पडू नका. खबर मिटवून ठेवा, दिवा लावा, आणि ॲपलचा टीव्ही यंदा नक्की येण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं लिहून टाका.